तात्यांच्या मनगटावरची सासू

पप्पा,

साइटवर आता ओरडायचं नाही. गेटपाशी तसा बोर्ड लावलाय, हिंदीत आणि मराठीत, आणि मराठीतलं वाक्य माझ्याकडूनच लिहून घेतलं. 'कामाच्या ठिकाणी मोठ्याने हाका मारू नयेत.' म्हणजे तुमची हाळी बंद. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला खरंच आठवतो का मी तो मनातल्या मनात बनवलाय, हे आता मला सांगता येत नाही. पण ते वाक्य टाइप केलं तेव्हापासून डबा खाताना, रिक्षात, साहेबांच्या मीटिंगमध्ये, सारखी किळस येत राहते. कुणाकुणाची येते ते एकदा लिहून बघावं म्हणून बसलेय. त्यात तुम्हीपण आहात, हे आधीच सांगून ठेवते.

माझं काम तुम्हाला समजावून सांगायला हवं. बोळिंजला, तुमच्या वेळी जिथं भातखाचरं होती, तिथं आता टॉवर उठतायत, आणि त्यातल्या एका साइटवर आमची कंपनी कामगारांच्या मनगटाला पट्टे बांधते. घड्याळासारखा पट्टा. आत बारीक दिवा असतो, तो नाडी मोजतो, अंग किती तापलंय ते बघतो, आणि हात बराच वेळ हलला नाही तर थरथरतो. तरी हलला नाही तर ऑफिसच्या कंटेनरमधल्या स्क्रीनवर त्या माणसाचा ठिपका लाल होतो. ऊन लागून, चक्कर येऊन, कुठल्यातरी कोपऱ्यात पडून कुणी मरू नये म्हणून. कल्पना वाईट नाही, पप्पा. मुलाखतीला गेले तेव्हा मला खरंच वाटलं होतं की हे चांगलं काम आहे. कामगारांनी पट्टा घालावा म्हणून त्यांना पटवायचं, ही माझी नोकरी. ऑफिसात याला ॲक्सेप्टन्स म्हणतात आणि दर सोमवारी त्याचा आकडा बघतात. कॉलेज केलं, कुणी छापत नाही असल्या गोष्टी लिहिल्या, आणि आता मी पट्ट्यांसाठी वाक्यं लिहिते. 'घरी कुणीतरी तुमची वाट बघतंय.' दारात उभ्या असलेल्या एका मुलीचा फोटो आणि खाली हे. ते माझं.

पट्टे कामणच्या गोडाऊनमधून खोक्यांत येतात तेव्हा त्यांना नव्या चपलेसारखा वास असतो. आठवड्याभरात तो जातो. पट्टा माणसाचा नसतो, नंबरचा असतो. दिवसपाळीवाल्यानं काढून ट्रेमध्ये ठेवायचा, चार्ज झाला की दुसऱ्या पाळीच्या माणसानं तोच घालायचा. पुसायला एक फडकं ठेवलंय, आणि ते फडकं कुणी धुवायचं हे ठरलेलं नाही. मी सकाळी ट्रे उघडते तेव्हा आंबलेल्या पेजेसारखा भपका येतो. रबराच्या खाचांत सिमेंट आणि घाम मिळून राखाडी लगदा जमतो, तो टाचणीनं काढावा लागतो. निम्म्या लोकांच्या मनगटाला लाल चट्टे उठलेत, काहींचे पिकलेत. मी फोटो काढून पाठवले तर साहेब म्हणाले, "ये हायजीन अवेअरनेस का इश्यू है. एक पोस्टर बना दो." साहेबांच्या स्वतःच्या मनगटावर पट्टा नाही. त्यांची स्किन सेन्सिटिव्ह आहे.

लोकांनी त्याचं नाव सास ठेवलंय. बिहारचा एक सळईवाला आहे, तोंडाचा फटकळ, तो म्हणाला, "मॅडम, घर में एक सास छोड़ के आए, इधर कंपनी ने दूसरी हाथ पे बिठा दी. बैठो तो बोलती है क्यों बैठे, दौड़ो तो बोलती है क्यों हाँफे." सगळे हसले, मीपण हसले. पण ठिपका लाल झाला की सुपरवायझर वर जातो, त्या माणसाला सावलीत बसवतो आणि त्याचा अर्धा दिवस कापतो. सावलीत बसल्याचा दंड. त्यामुळे पट्टा थरथरला की माणूस आधी तो काढून खिशात टाकतो, म्हणजे अंग तापलेलं असतं नेमकं तेव्हाच पट्टा हातावर नसतो. काहींनी तर तो साइटवरच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला. त्या सोमवारी साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवून कौतुकानं विचारलं, "ये नंबर कौन है? इतना ॲक्टिव्ह?" मी म्हटलं, बघून सांगते.

तुम्ही असतात तर त्या कुत्र्याच्याच बाजूचे असतात. कंपनीनं दिलेलं पिवळं हेल्मेट तुम्ही एक दिवस घातलं नाहीत, घरी आणलंत आणि माझ्या डोक्यावर ठेवलंत. "घे बाय, खेळ." तुम्ही मला दिलेल्या वस्तूंपैकी तेवढी एकच मला नीट आठवते. मी ते घालून चाळीत हिंडायचे, आणि मी शाळेत गेले की आई त्यात कांदे ठेवायची. आपलं स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि एक मोरी, आणि मोरीच्या वर खिळ्याला टांगलेलं ते हेल्मेट, त्याच्या भोकांतून कांद्याची सालं खाली उडतायत. एका सुट्टीच्या दिवशी आई मला तुमचा डबा घेऊन साइटवर पाठवते. मी कांदे परातीत ओतते, हेल्मेट डोक्यावर चढवते, हनुवटीखाली बक्कल लावते, कारण साइटच्या पत्र्यावर रंगवलेला माणूस तस्साच असतो. तुम्ही मला बघता आणि तुमचा चेहरा पडतो. तुमच्या हाताखालच्या गँगची माणसं खिदळतात. "मुकादमाची पोर बघा, साहेबीण आली तपासायला." तुम्ही खाली उतरता आणि हेल्मेट माझ्या डोक्यावरून ओढून काढता, बक्कल सोडायलाही थांबत नाही. हनुवटीवर ओरखडा उठतो, त्याचा वण अजून आहे. "लोकं हसतात, कळत नाय तुला?" आणि मग मी उघड्या डोक्यानं, त्या अर्धवट स्लॅबखाली, तुमचं जेवण होईपर्यंत उभी. वर कुणीतरी फळ्या काढत असतो. तेव्हा मला लाज वाटली होती. आता तो दिवस आठवला की शिसारी येते. उंचीवर सेफ्टी बेल्ट लावणाऱ्यालापण तुम्ही विचारायचात, "काय रे, नवरी हायस? कमरपट्टा घातलास?" आणि सगळी गँग हसायची, आणि तो पोरगा बेल्ट काढायचा.

आणि तरी त्याच गँगमध्ये हाळी होती. हे मी ऑफिसात सांगायला गेले तर मला धड सांगताच आलं नाही. स्लॅब पक्का झाला की खालच्या प्लेटा आणि टेकू काढायचे असतात, तेव्हा माणसं वेगवेगळ्या खोल्यांत, डक्टमध्ये, बाहेरच्या बांबूच्या परांचीवर पांगलेली असतात. कुणी कुणाला दिसत नाही, ठोकाठोकीत काही ऐकू येत नाही. मग कामाच्या मध्येच एकजण ओरडायचा, होऽऽ. आणि प्रत्येकानं जिथं असेल तिथून उत्तर द्यायचं, आपापलं. कुणी मोठ्यानं खोकायचा, कुणी देवाचं नाव घ्यायचा, एकजण कायम आईवरून शिवी हासडायचा. तात्या, तुमचे जोडीदार, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे. आणि तुम्ही म्हणायचात, "अजून हाय." एखादं उत्तर आलं नाही की हातोड्या थांबायच्या. खाली डबा घेऊन उभ्या असलेल्या पोरीलापण कळायचं की सगळे आहेत. पण तुम्हाला मस्ती. तुम्ही मध्येच मुद्दाम गप्प बसायचात. सगळे हातातलं टाकून तुम्हाला शोधत यायचे आणि तुम्ही कुठल्यातरी कोपऱ्यात बिडी ओढत, दात काढत बसलेले. "फाटली ना?" घरी येऊन आईला रंगवून सांगायचात. आई भाकरी थापत राहायची, हसायची नाही.

शेवटच्या दिवशी तात्यांनी हाळी दिली आणि तुमचं उत्तर आलं नाही. एवढंच मला माहीत होतं. पडलात तेही काही फार उंचावरून नाही, दुसऱ्या मजल्यावरून. बेल्ट आतल्या खोलीत खिळ्याला होता. तुमची ती बिल्डिंग आमच्या साइटवरून दिसते. तुम्ही पडलात त्या गॅलरीत कुणीतरी तुळस ठेवलीय आणि एक मोडकी सायकल.

तात्या मला इथंच भेटले. केस पिकलेत, गुडघ्यातून वाकलेत, पण प्लेटा-टेकू लावणाऱ्या सेंटरिंगवाल्यांची स्वतःची गँग चालवायचे आणि स्वतः वर चढायचे. माझ्या हनुवटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मुकादमाची बाय ना गो तू?" त्यांची गँग पट्टा घालत नव्हती, आणि ती घालत नाही म्हणून बाकीच्यापण घालत नव्हत्या. हे साहेबांच्या लक्षात आलं. तुम्ही कसे गेलात तेही त्यांना कळलं, माझ्याच तोंडून, चहा पिता पिता. साहेबांनी कप खाली ठेवला. "ये तो बहुत पावरफुल है यार. ये तुम खुद बोलो लेबर के सामने. पोस्टर-वोस्टर छोड़ो."

मी बोलले. प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी राहून, हातात माइक घेऊन. तुमचं हेल्मेट, कांदे, खिळ्याला लटकलेला बेल्ट, सगळं सांगितलं. तेवढी हाळी ठेवून दिली, ती काही मला त्यांना द्यावीशी वाटली नाही. माणसं चिडीचूप ऐकत होती, दोघंतिघं डोळे पुसत होती, आणि साहेब बाजूला उभे राहून मोबाइलवर शूट करत होते. सळईवाल्यानं विचारलं, "मॅडम, ये पट्टा होता तो आपके पापा बच जाते?" मी म्हटलं, "हाँ." पट्टा पडणाऱ्याला धरत नाही, पप्पा. पडून गेल्यावर थरथरतो. मागून तात्या गर्दीतून पुढं आले, हात पुढं केला आणि म्हणाले, "बांध." मी बक्कल लावत होते तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "खोटं बोललीस गो." मग पट्टा जरा सारखा करून, "असू दे. तुझी नोकरी ऱ्हाईल." त्यांच्या मागं रांग लागली. सोमवारी आकडा इतका चढला की साहेबांनी ऑफिसात ढोकळा मागवला, आणि तो ढोकळा मी खाल्ला. तुमच्या मरणावरचा ढोकळा. चांगला मऊ होता.

मग ऑक्टोबरचं ऊन आलं. खाडीकडून वारा नाही, पत्रे तापलेले, सिमेंटची धूळ घामात चिकटून बसतेय. दुपारची मी कंटेनरमध्ये आहे. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय, सेफ्टी ऑफिसर जेवून सुस्तावलाय, बाहेर सॅम्पल फ्लॅट बघायला गाड्या आल्यात. स्क्रीनवर तात्यांचा ठिपका लाल होतो. मी ऑफिसरला दाखवते. तो दात कोरत म्हणतो, "बुढ्ढा सोया होगा कहीं. रोज का है ये." रोजचंच होतं ते. कुणी जेवायला बसलं तरी ठिपका लाल व्हायचा, कुणी तंबाखू मळत टेकलं तरी व्हायचा, म्हणून त्यानं आपल्या फोनचा आवाज कधीच बंद करून टाकला होता. मी तात्यांना फोन लावते, गँगमधल्या दोघांना लावते, कुणी उचलत नाही. पट्टा तिथं वर त्यांच्या हातावर थरथरत असणार, आणि दोन खोल्या सोडून प्लेटा ठोकणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही. निरोप मात्र इथं खाली आलाय, दात कोरणाऱ्याकडे.

मी बाहेर येते. टॉवरखाली उभी राहते, तोंडाभोवती दोन्ही हात धरते आणि ओरडते, होऽऽ. ठोकाठोक तशीच चालू. परत ओरडते. सॅम्पल फ्लॅटच्या पायरीवरची एक बाई गॉगल वर करून माझ्याकडे बघते. आणखी एकदा ओरडते, गळा फाटेपर्यंत, तेव्हा वरून कुठूनतरी कुणी मोठ्यानं खोकतं. मग दुसरीकडून शिवी येते. मग देवाचं नाव. तात्यांनी ही सवय आपल्या गँगला लावली होती, मला माहीतच नव्हतं. शिट्टी येत नाही. एकेक करून हातोड्या थांबतात.

डक्टजवळ, प्लेटांच्या थप्पीमागं पडलेले सापडले. डोळे फिरलेले, ओठ पांढरे, अंग तव्यासारखं. सळईवाल्यानं त्यांना खांद्यावर घालून खाली आणलं. गेटपाशी चहा विकणारी मावशी, इथल्याच गावातली, सगळ्यांना कोपरानं ढकलत आली. "बाजूला व्हा मेल्यांनो. पानी घाला त्याच्यावर, पानी." म्हणत तिनं चहासाठी भरून ठेवलेलं पाण्याचं अख्खं पिंप त्यांच्या अंगावर ओतलं, दिवसभराच्या धंद्याचं पाणी. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. वाचले, पप्पा. तात्या वाचले.

आणि खरी किळस त्याच्यापुढं आहे. दोन दिवसांनी मीटिंग झाली, बिल्डरचा माणूस पण आला होता. भिंतीवर तात्यांचा लाल ठिपका मोठा करून दाखवला आणि खाली लिहिलं होतं, पट्ट्यानं जीव वाचवला. मी हात वर केला. मी म्हटलं, पट्ट्याचा आवाज करा. नुसता थरथरायला नको, मोठ्यानं वाजू दे, म्हणजे बाजूच्या माणसाला ऐकू जाईल, तो धावेल. आणि सावलीत बसल्याबद्दल अर्धा दिवस कापणं बंद करा, मग बघा लोक स्वतः मागून घालतात की नाही. साहेबांनी मान हलवली, जसं लहान मुलाचं चित्र बघून हलवतात. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मोठा आवाज? मॅडम, इकडे फॅमिल्या येतात फ्लॅट बघायला. त्यांना वाटेल इथं रोज कोणीतरी मरतं. परवा तुम्ही ओरडलात ना, ती पार्टी बुकिंग न करता गेली." मग गेटवरचा तो बोर्ड आला.

तात्यांच्या पट्ट्यानं त्यांच्या नाडीचे सगळे आकडे साठवून ठेवले होते, चढलेले, पडलेले. ते बघून कुणीतरी ठरवलं की हा माणूस उंचीवर चढायला अनफिट. हृदय बरोबर नाही म्हणे. नसेलही. पण त्यांना त्याच्यावरचं औषध कुणी दिलं नाही, फक्त गँग काढून घेतली. माझ्या हातानं बांधलेल्या पट्ट्यानं. आता त्यांना इस्त्रीचा शर्ट दिलाय आणि सॅम्पल फ्लॅटच्या दारात खुर्चीवर बसवलंय. येणाऱ्या लोकांना सेल्सवाला सांगतो, "ये वही अंकल हैं." लोक त्यांच्या मनगटाचा फोटो काढतात. एका पोरानं तर पट्टा दाबून बघितला, खेळणं असल्यासारखा. आणि दिवसभर बसून असल्यामुळे तो पट्टा थरथरत राहतो. तात्या माश्या हाकलल्यासारखा हात हलवतात, थांबतात, परत हलवतात.

काल मी दोन चहा घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. विचारलं, कसं वाटतं?

"सासू भारी पडली गो," तात्या म्हणाले. "कामावर होतो तेव्हा एवढी नाय बोलली. आता बसवून ठेवते नि विचारते, जिवंत हायस काय."

"काढून टाका ना मग."

"काढला तर ह्या खुर्चीत कशाला बसवतील मला?"

समोर तुमची गॅलरी दिसत होती. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या दिवशी हाळी दिल्यावर पप्पांचं उत्तर आलं नाही, मग तुम्ही काय केलंत? तात्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि तिकडे न बघता म्हणाले, "तुझा बापूस मस्तीखोर. आदल्याच दिवशी आम्हाला सगळ्यांना धावडवलान. मी म्हटलं, नाय बोलत तर नाय बोलत. आज नाय जाणार मी शोधायला. बिडी पेटवली." चहाचा एक घोट घेतला. मग, "संपवली नि मग उठलो." आणि त्यांनी हात हलवला. पट्टा थरथरला नव्हता तरी हलवला. "बोल काय बोलायचं ते मला."

चहावर साय धरली होती, ती बोटानं काढून पायरीला पुसली. बिडी संपेपर्यंतच्या वेळात तुम्हाला कुणी वाचवलं असतं की नाही, मला माहीत नाही. तात्यांनाही माहीत नाही आणि ते इतकी वर्षं ते घेऊन फिरतायत. तुम्ही मात्र दात काढत निघून गेलात. तुमचा राग येतो, पप्पा. हेल्मेटचा नाही एवढा. ज्या एका गोष्टीवर सगळी गँग जीव टाकून होती तिची तुम्ही थट्टा करून ठेवलीत, आणि ती थट्टा त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात अडकवून गेलात.

हे सगळं मी ऑफिसच्या लॅपटॉपवर टाइप केलंय. तात्यांवर केस स्टडी लिहून मागितलीय, तिचीच फाइल उघडली होती, वर हेडिंग अजून तसंच आहे. उद्या सकाळी हे पुसून टाकेन आणि त्यांना पाहिजे ते लिहून देईन, की देणार नाही, अजून ठरलेलं नाही. तुमच्यापर्यंत तर ते तसंही पोचणार नाही. फक्त एक गोष्ट त्यात कुठंच येणार नाही. त्या दुपारी टॉवरखाली उभी होते, खोकला आला, शिवी आली, देवाचं नाव आलं आणि शिट्टी आली नाही, तेव्हा मी लगेच घाबरले नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, तात्या मस्ती करतायत, पप्पांकडून उचललंय. क्षणभरच आलं, पण आलं. हे तात्यांना सांगितलं तर त्यांना बरं वाटेल, हे मला कळतं. काल ते माझ्या तोंडाशी आलं होतं आणि मी सायीशी खेळत बसले. म्हणून तुम्हाला सांगतेय. गप्प बसण्यात तुम्ही पहिल्यापासून पटाईत.